मुळाक्षरं पाठ आहेत, पण ‘मका’ वाचता येत नाही

प्रश्न : आम्ही जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे, अंगणवाडीत जातो. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत त्याला सगळं घडाघडा पाठ आहे, पण पाटीवर ‘मका’ लिहून दाखवलं की गप्प बसतो. शेजारचं लेकरू तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातं आणि एबीसीडी लिहून दाखवतं, त्यामुळे घरात रोज विषय निघतो. मी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसले की हा दोन पानं बघतो आणि पळतो. धाकटी दीड वर्षाची आहे, ती पानं फाडते. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांच्या गोष्टी तो तासभर ऐकतो. मी दहावी झालेली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मी दिवसभर रानात असते. पुढच्या वर्षी त्याला पहिलीत घालायचंय. माझं काय चुकतंय? घरी काय आणि कसं करू?
– एक आई, जि. परभणी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. आजीच्या गोष्टी तो तासभर ऐकतो. म्हणजे त्याचं लक्ष टिकतं, गोष्टीचा धागा त्याच्या हातून सुटत नाही, समोर नसलेला लांडगा त्याला डोळ्यांपुढे आणता येतो. वाचनाला लागणारं निम्मं सामान घरात आलेलं आहे. उरलेलं अडलंय ते शिकवण्याच्या क्रमामुळे.

आधी एक छोटी तपासणी करा. कागदाच्या पाच चिठ्ठ्या घ्या. त्यांवर क, म, न, र, ल ही अक्षरं दोन-दोन इंच उंच, जाड लिहा. चिठ्ठ्या जमिनीवर आडव्यातिडव्या टाका आणि ‘म कुठंय?’ विचारा. मुळाक्षरं पाठ असलेली बरीच लेकरं इथं ‘क ख ग घ’ असं पहिल्यापासून म्हणत म्हणत ‘म’पर्यंत येतात, नाहीतर अंदाजानं एक चिठ्ठी उचलतात. त्यांना मुळाक्षरांचं गाणं येतं, अक्षरं ओळखू येत नाहीत. परभणीहून एसटीत बसल्यावर झरी, बोरी, जिंतूर अशी गावं ओळीनं सांगता येणं वेगळं आणि बोरीला उतरून नेमकं घर सापडणं वेगळं, तसंच हे.

भिंतीवरचा रंगीत तक्ता इथं फारसा उपयोगी पडत नाही. ‘ग गणपतीचा’ म्हणताना लेकरू बघतं गणपतीकडे. ‘ग’कडे बघायची त्याला गरजच पडत नाही. शिवाय क ते ज्ञ हा क्रम मोठा हुशारीचा आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चार जसा पुढे सरकतो तशी अक्षरं लावली आहेत, पण ती सोय व्याकरण शिकणाऱ्याची. पाच वर्षांच्या मुलाला त्यात ‘ङ’ आणि ‘ञ’ भेटतात, ज्यांनी सुरू होणारा शब्द तुम्हा-आम्हालाही सांगता येणार नाही. ट, ठ, ड, ढ ही दिसायला आणि ऐकायला जवळची अक्षरं एका दमात येतात. आणि सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असं केलं तर पहिला खरा शब्द वाचायला वर्ष निघून जातं. तोवर लेकराचा समज पक्का होतो की अक्षरं ही म्हणून दाखवायची गोष्ट आहे, त्यांतून काही कळत बिळत नसतं.

घरात रोज निघणाऱ्या विषयाचं आधी मिटवू. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या अभियानात सरकारनंच टप्पे ठरवून दिलेत. पहिलीच्या आधी, बालवाटिकेच्या शेवटी, अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचता यावेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं. अर्थ समजून नीट वाचायला तिसरीपर्यंतचा वेळ धरलाय. तुमचा मुलगा मागे पडलेला नाही. शेजारचं लेकरू एबीसीडी लिहितं म्हणता, त्याला त्यातली दोन अक्षरं जोडून वाचता येतात का, हे बघायला हरकत नाही. पण बघून झालं की तिथंच सोडा, भांडण वाढवू नका.

आता पुस्तकाकडे. तो पळतो त्याची कारणं ठरलेली असतात. एक, पुस्तकात मजकूर फार असतो. या वयाला बारा ते सोळा पानांचं, पानावर एक-दोन ओळींचं पुस्तक हवं. दुसरं, तुम्ही समोर बसून वाचत असाल तर त्याला चित्र उलटं दिसतं. मांडीवर किंवा शेजारी घ्या, पुस्तक दोघांच्या मध्ये, पान त्याला उलटू द्या. तिसरं कारण आम्हाला सगळ्यात जास्त खरं वाटतं : गोष्ट संपली की पाटी निघते. असं चार वेळा झालं की लेकरू गोष्टीच्या आधीच उठतं, कारण पुढं काय येणार हे त्याला माहीत असतं. गोष्टीची वेळ आणि अक्षरांची वेळ वेगळी ठेवा. गोष्टीनंतर काहीही विचारायचं नाही, लिहायला लावायचं नाही.

वाचून दाखवण्याची रीतही महत्त्वाची. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरी महिनाभर एक प्रयोग केला. दोन्ही गटांतले आईबाप मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटानं नेहमीसारखं वाचलं; दुसऱ्यानं मध्ये थांबून विचारलं, मुलाच्या उत्तरात भर घातली, हळूहळू मुलालाच सांगायला लावलं. महिन्यानंतर दुसऱ्या गटातल्या मुलांचं बोलणं स्पष्टपणे पुढं गेलेलं होतं. वाचन दोन्हीकडं तेवढंच, फरक रीतीचा.

ती रीत एका पानावर दाखवतो. समजा चित्रात शेळी कडब्याच्या गंजीवर चढलीय, खाली आजोबा काठी घेऊन उभे आहेत. ओळ एवढीच : ‘शेळी वर चढली.’ तुम्ही ओळ वाचलीत आणि थांबलात.

‘हे काय झालं?’
‘शेळी.’
‘हो, शेळी वर चढली. कशावर चढली?’
‘कडब्यावर.’
‘कडब्याच्या उंच गंजीवर चढली. मग आजोबा काऊन ओरडायलेत?’
‘कडबा पाडायली.’
‘कडबा खाली पाडायली म्हणून आजोबा चिडलेत. आपली शेळी कुठं चढती?’

बघा, दर वेळी त्याचं उत्तर तुम्ही परत म्हटलंत आणि त्यात एक-दोन शब्द घातलेत. ‘शेळी’चं ‘शेळी वर चढली’ झालं, ‘कडब्यावर’चं ‘कडब्याच्या उंच गंजीवर’. यातूनच वाक्य लांब होतं. प्रश्नांचा क्रमही सरकत गेला : आधी काय, मग का, मग त्याच्या स्वतःच्या घरातलं. प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजा. बहुतेक मोठी माणसं एक-दोन अंकांतच स्वतः उत्तर देऊन मोकळी होतात, आणि लेकरू शिकतं की गप्प बसलं तरी चालतं. उत्तर चुकलं तर ‘नाही’ म्हणू नका. बरोबर शब्द तुमच्या वाक्यात आणा, पुरे.

असं दर पानावर करायचं नाही. एका बैठकीत दोन-तीन पानांवर करा, बाकी गोष्ट सरळ वाचा. नाहीतर ‘हे काय? हे कोणतं? याचा रंग कोणता?’ अशी उलटतपासणी होते आणि गोष्ट मरते. आपल्याकडे हा दोष फार आहे, कारण पोरगं हुशार आहे हे पाहुण्यांना दाखवायचं असतं.

एकच पुस्तक चार-पाच दिवस चालवा. पहिल्या दिवशी मुखपृष्ठ बघून ‘यात काय होईल?’ एवढं विचारा आणि शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या दिवशी नवे दोन-तीन शब्द खुलवा. ‘डोकावली’ हा शब्द आला तर दाराआडून डोकावून दाखवा, अर्थ सांगत बसू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द गिळा आणि तो त्याला म्हणू द्या. पाचव्या दिवशी पुस्तक त्याच्या हातात, तो ‘वाचून’ दाखवेल. ते पाठ असतं, वाचन नसतं, आणि तेच हवं आहे. या दिवशी मात्र ओळीखालून बोट फिरवा. डावीकडून उजवीकडे जायचं, शब्दाशब्दात मोकळी जागा असते, बोललेलं आणि लिहिलेलं एकच, हे त्याला बोटामागून दिसतं. पहिल्या दिवसापासून बोट फिरवलं तर डोळा चित्रावरून हलतो आणि गोष्टीचं अर्धं सुख जातं.

तो पळालाच तर ओरडू नका, ओढून आणू नका. अजून एक पान मोठ्यानं स्वतःशी वाचा आणि बंद करा. दुसऱ्या दिवशी दोन पुस्तकं पुढं ठेवा, ‘कोणतं?’ विचारा. दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एवढं पुष्कळ आहे. वेळ ठरलेली असावी. जेवणानंतर, निजायच्या आधी ही बहुतेक घरांत जमते.

वेचणीच्या दिवसांत तुम्ही संध्याकाळी थकून येणार. त्या दिवसांत हे काम सासूबाईंकडे द्या. त्यांना वाचता येत नाही ही अडचण नाही, उलट त्या ओळीत अडकणार नाहीत. चित्रांचं पुस्तक त्यांनी धरावं आणि चित्रावरून मनानं गोष्ट सांगावी. उद्या तुम्ही तीच गोष्ट वाचाल तेव्हा लेकरू म्हणेल, ‘आज्जीनं वेगळी सांगितली.’ या वाक्याची वाट बघा. पुस्तकातली गोष्ट दर वेळी तीच असते, कारण ती अक्षरांत बांधलेली आहे, हे त्याला त्या दिवशी कळलेलं असतं. लेकराचे बाबा घरी असतील तेव्हा त्यांनीही वाचावं. वाचन हे आईचंच काम आहे असं कुठं लिहिलेलं नाही.

सासूबाईंच्या गोष्टींचं पुस्तकही करा. चार कोरे ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, एक मधे आणि दोन कडेपासून दोन-दोन बोटं आत. जाड दोऱ्यानं शिवा, गाठ बाहेरच्या बाजूला घ्या. आता आजीची एखादी गोष्ट लेकरानं सांगायची आणि तुम्ही लिहायची, एका पानावर एक वाक्य, मोठ्या अक्षरात, पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात. वरची जागा त्याच्या चित्रासाठी. तो बोलतो तसंच लिहा. ‘लांडगा मागं लागायला’ म्हणाला तर ‘मागे लागला’ असं सुधारून लिहू नका, नाहीतर परत वाचताना त्याचं बोलणं आणि तुमची अक्षरं जुळणार नाहीत. एका गोष्टीत मात्र आम्ही छापील पुस्तकाच्या बाजूनं आहोत : तो ‘पानी’ म्हणाला तरी ‘पाणी’ लिहा. शब्द त्याचे, शुद्धलेखन पुस्तकाचं. वाचताना तो ‘पानी’ म्हणेल. म्हणू द्या, त्याला अर्थ लागलेला आहे. तुम्ही तुमच्या पाळीला ‘पाणी’ म्हणा. बोलीवरून टोकलं की लेकरू घरचं बोलणं लपवायला शिकतं, आणि जे लेकरू बोलत नाही ते वाचतही नाही.

(तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या, किंवा घरी दखनी, तेलुगू बोलणाऱ्या वाचकांसाठी : चित्रावरचं बोलणं घरच्या भाषेत करा, ओळ मराठीत वाचा. दोन भाषांनी लेकराचा गोंधळ होईल ही भीती सोडा.)

अक्षरांच्या आधी कान तयार व्हायला हवा, आणि त्याला पाटी-पेन्सिल लागत नाही. भाकरी थापताना, रानाच्या वाटेवर हे खेळ होतात. शब्द तोडून टाळ्या वाजवा : ब-टा-टा, तीन. मा-क-ड म्हणताना तो दोन टाळ्या वाजवेल, मा-कड. बोलताना ते तसंच ऐकू येतं, त्यामुळे चूक धरू नका. मग पहिला आवाज : ‘म-नं सुरू होतं, रानात येतं, भाजून खातात.’ मका. मग शेवटचा आवाज. हे जमलं की आवाज काढून टाकायचा खेळ : ‘विमान’मधला ‘वि’ काढला तर काय उरलं? ‘कमान’मधला ‘क’ काढला तर? दोन्हीकडं ‘मान’ उरते, याचं लेकरांना भारी हसू येतं. शब्दाला आवाजांचे तुकडे असतात हे ज्याच्या कानाला कळलं, त्याला पुढं अक्षर लावायला खुंटी मिळते. तुमच्या मुलाचं अडलंय ते बहुधा इथंच. हे खेळ आठ-दहा दिवस करा, मग चिठ्ठ्या काढा.

चिठ्ठ्या पहिल्या दिवशी फक्त तीन : म, क आणि काना. काना वेगळ्या उभ्या पट्टीवर काढा, म्हणजे तो अक्षराशेजारी सरकवता येतो. ‘म’जवळ काना आणला की ‘मा’, काढला की ‘म’. आधी हे नुसतं दहा-बारा वेळा करून बघू द्या. मग म, क, काना अशी मांडणी करा. हा तुमचा ‘मका’. त्याच तीन चिठ्ठ्यांना जोड म्हणून आणखी एक ‘म’, एक ‘क’ आणि एक काना केलात की ‘मामा’, ‘काका’ आणि ‘काम’ निघतात. पहिल्याच दिवशी लेकरानं चार खरे शब्द वाचलेले असतात, आणि चारही त्याच्या घरातले.

दोन-तीन दिवसांनी ‘न’ आणा : नाक, कान, मान, नाना, कमान. मग र आणि ल : रान, राम, लाल, कमल. शेवटी त : रात, तारा, ताक, मात, काय वाटेल ते. ‘त’ आला की वाक्यं होतात. ‘काका रानात.’ ‘नाना कामात.’ सहा अक्षरं आणि एक काना, एवढ्यावर. याला दोन ते तीन आठवडे लागू द्या. चिठ्ठ्या मिसळून दाखवल्यावर दहातल्या आठ वेळा बरोबर, असं लागोपाठ दोन दिवस झालं तरच पुढचं अक्षर. पुढच्या गटात प, ट, व, स आणि दीर्घ वेलांटी घ्या. त्यात पाटी, वाटी, माती, साप, वारा, पीक, काकी येतात. प्रत्येक गटात शब्द आधी ठरवा आणि त्यांना लागतात म्हणून अक्षरं घ्या, उलट करू नका.

इथं काय बिघडतं तेही सांगतो. लेकरू ‘नाक’ वाचताना ‘ना… कऽ’ असं ‘क’ लांबवतं आणि शब्द ओळखू येत नाही. कारण आपण ‘क’ शिकवताना ‘कऽ’ शिकवतो, पण शब्दाच्या शेवटी मराठी माणूस तो ‘अ’ म्हणत नाही. ‘आता पटकन म्हण’ एवढंच सांगा. दोन वेळा वेगात म्हटलं की ‘नाक’ आपोआप सापडतं. तरी अडला तर तुम्ही ‘ना… क’ म्हणा आणि त्याला जोडू द्या. शब्द सांगून टाकू नका.

दुसरं, सारखी दिसणारी अक्षरं एकत्र आणू नका. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ट-ढ यांतलं एक पक्कं झाल्यावर किमान दोन आठवड्यांनी दुसरं. ‘ख’ हा तर ‘र’ आणि ‘व’ जवळ आल्यासारखा दिसतो, तो बराच उशिरा. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ वेलांटीच्या नंतर, कारण ती बोलताना अक्षरानंतर ऐकू येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी बसते. लेकरू डावीकडून वाचत आलं की आधी वेलांटीला धडकतं. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन आवाज आहेत. ‘चाक’मधला च ‘चहा’त नाही, ‘जाळ’मधला ज ‘जेवण’मध्ये नाही. म्हणून सुरुवातीला एकाच आवाजाचे शब्द निवडा, दुसरा आवाज नंतर ‘याचा अजून एक आवाज आहे’ म्हणून दाखवा. जोडाक्षरांना पहिलीत भरपूर वेळ आहे. बाराखडीही नंतर, आठ-दहा अक्षरं वाचता आल्यावर. तेव्हा ती पाठ करावी लागत नाही, उमजते.

अक्षरांना रोज सात-आठ मिनिटं. त्यापेक्षा जास्त नको.

लिहिण्याची घाई नको. या वयात बोटांची पकड तयार होत असते. राखेत, मातीत, ओल्या बोटानं फरशीवर, खडूनं दारापुढं मोठमोठं गिरवू द्या. पाटी भरून तेच अक्षर तीस वेळा काढून हात दुखतो, ओळख वाढत नाही. अक्षर उलटं काढलं तर काळजीचं कारण नाही. सहा-सात वर्षांपर्यंत हे चालतं.

गावात छापील मजकूर कमी असतो असं वाटतं, पण शोधला तर सापडतो. एसटीची पाटी, रेशन दुकानाचा फलक, अंगणवाडीच्या भिंतीवरचं नाव, खताच्या पोत्यावरची मोठी अक्षरं. गाडी थांब्यावर उभी असेल तेव्हा ‘यात तुझा र कुठंय?’ एवढंच विचारा. किराण्याची चिठ्ठी त्याच्यासमोर लिहा आणि दुकानात ती त्यालाच द्यायला लावा. लिहिलेल्या कागदामुळे तेलाची पिशवी हातात पडते, हे बघणं दहा तक्त्यांच्या तोडीचं आहे.

पुस्तकं सहा-सात असली की सुरुवात होते. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची लहान मुलांची चित्रपुस्तकं मराठीत मिळतात. गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल, अगदी सगळ्यात लहान, ‘ड’ वर्गाचं असलं तरी, तिथं बालविभाग विचारा. पुस्तकं बऱ्याचदा कुलपात असतात, मागितल्याशिवाय निघत नाहीत. शाळेत मोठी मुलं असतील तर त्यांच्या हातून वाचनपेटीतलं पुस्तक घरी येऊ शकतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात. तिथं चार पातळ्या आहेत, तुम्ही पहिली घ्या आणि तालुक्याला छापून आणा. मोबाईलवर वाचलं तरी चालेल, पण इंटरनेट बंद करून, आणि वाचणाऱ्या तुम्ही हव्यात. गोष्टीचा व्हिडिओ लेकराच्या उत्तराला थांबत नाही, म्हणून त्यातून वरचं काहीच होत नाही. बटण दाबलं की अक्षर बोलणारे प्लास्टिकचे तक्ते आणि खेळणी घेऊ नका. त्या पैशांत चार पुस्तकं येतील.

धाकटीनं पानं फाडली तर ती तिच्या वयाचं काम करतेय. तिच्यासाठी जुन्या लग्नपत्रिका उपयोगी पडतात. पाच-सहा जाड पत्रिका एकसारख्या कापा, छापील बाजूवर मैद्याच्या खळीनं चित्रं चिकटवा : गाय, भाकरी, चप्पल, घरच्यांचे फोटो. सावलीत पूर्ण वाळू द्या, नाहीतर बुरशी धरते. कडेला दोन भोकं पाडून सुती दोऱ्यानं आवळून बांधा. दोरा लांब सोडू नका, ती तोंडात घालेल. दादाची गोष्ट चालू असताना हे तिचं पुस्तक तिच्या हातात. चावेल, आपटेल, उलटं धरेल. तरी फाडलंच काही, तर चिकटपट्टी आणून दोघांना घेऊन जोडत बसा.

इंग्लिश मीडियमचं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. कारण साधं आहे. ‘मका’ वाचल्यावर लेकराला मका आठवतो. न ऐकलेला इंग्रजी शब्द अक्षर लावून वाचला तरी पलीकडं काही दिसत नाही. आवाज तोडण्या-जोडण्याची जी सवय मराठीत लागते ती इंग्रजीला तशीच कामाला येते. तरी शाळा इंग्रजीच निवडलीत तर घरातलं वाचन मराठीत चालू ठेवा आणि इंग्रजीचं आधी ऐकणं-बोलणं होऊ द्या. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू करू नका.

शेवटी, काही खुणांवर लक्ष ठेवा. त्याचं बोलणं परक्या माणसाला कळत नाही, मागून हाक मारली तर तो वळत नाही, कान सारखा वाहतो किंवा पुस्तक डोळ्यांना अगदी चिकटवून बघतो, यातलं काही असेल तर आधी कान आणि डोळे तपासा. कानानं नीट ऐकू येत नसलेल्या लेकराला म आणि न वेगळे करणं कठीणच. धाकटी दोन वर्षांची होऊनही दोन शब्द जोडून बोलली नाही, तर तिचीही तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं, त्याचे पैसे पडत नाहीत. पुढची तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण दोन मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे दिसणार नाही ते तुम्हाला सांगता येईल.